गावच्या रंगमंचावर फाल्गुनराव उभा करताना

भाताची झोडणी उरकली की शहापूर-मुरबाडच्या गावांत नाटकाची चर्चा सुरू होते. पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते आणि तिथून पुढे उन्हाळाभर कुठल्या ना कुठल्या गावदेवीचा उत्सव असतोच. उत्सवाच्या रात्री काय ठेवायचे यावर मंडळाच्या बैठकीत वाद रंगतात. कोणी ऑर्केस्ट्रा म्हणतो, कोणी तमाशा म्हणतो, आणि दोनचार जण 'आपल्याच पोरांचे नाटक बसवू' म्हणून अडून बसतात. हा लेख त्या अडून बसणाऱ्यांसाठी आहे. त्यांचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: जुने, विनोदी, घरच्या सगळ्यांना सोबत बसून बघता येईल असे नाटक सांगा.

माझे उत्तर गोविंद बल्लाळ देवलांचे 'संशयकल्लोळ' हे असते. हे नाटक उभे राहते किंवा कोसळते ते एका माणसावर: बायकोवर पाळत ठेवणारा, घरात आपलाच शब्द चालला पाहिजे असे मानणारा, आणि आपण शंभर टक्के बरोबर आहोत याची खात्री असलेला फाल्गुनराव. तो करणारा नट आणि तो बसवणारा दिग्दर्शक या दोघांनी त्याचे बळ कशात आहे आणि त्याचे उणे कशात आहे हे तालमीच्या आधी नीट ओळखले पाहिजे. तसे न झाल्यामुळे चांगली चांगली मंडळे या नाटकात घसरतात. नवरा ओरडतो, बायको रडते, नोकर मार खातो, पुढच्या रांगेतली मुले हसतात आणि मागे उभे असलेले लोक चहाच्या टपरीकडे वळतात.

प्रतापराव की फाल्गुनराव

हुकमत गाजवणारा नवरा म्हटला की जुन्या जाणकारांना आधी आठवतो तो 'त्राटिका' नाटकातला प्रतापराव. वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी शेक्सपिअरच्या 'द टेमिंग ऑफ द श्रू' या सुखान्तिकेवरून हे नाटक रचले. १८९० नंतरच्या काळात शाहूनगरवासी नाटक मंडळीने ते गाजवले. मराठी हॅम्लेट म्हणून ज्यांचे नाव आजही घेतात ते गणपतराव जोशी प्रतापराव करत आणि बाळाभाऊ जोग त्राटिका.

प्रतापरावाचे बळ मोठे दिसते, कारण तो जिंकतो. शेक्सपिअरच्या मूळ नाटकात हा नवरा बायकोला उपाशी ठेवतो, झोपू देत नाही, भर दुपारच्या सूर्याला चंद्र म्हणायला लावतो, आणि हे सगळे तुझ्या भल्यासाठीच चालले आहे असे सांगतो. शेवटी ती नमते. प्रेक्षकांनी त्या नमण्याला टाळ्या द्याव्यात अशी नाटकाची मागणी आहे. गणपतरावांसारख्या नटाच्या देखणेपणात आणि वाणीच्या जादूत ही मागणी पूर्वी खपून गेली असेल. आज गावात समोर सतरंजीवर बसलेल्या बायकांमध्ये ज्यांनी उपाशी रात्र खरोखर काढली आहे अशा कितीतरी असतात. त्यांना त्या प्रसंगावर हसायला सांगणे मला मान्य नाही. कसलेला दिग्दर्शक शेवट वेगळ्या अर्थाने उभा करू शकतो. जगभर तसे प्रयोग झालेही आहेत. वर्षातून एकदा नाटक करणाऱ्या मंडळाने मात्र त्या वाटेला जाऊ नये.

फाल्गुनरावाची गोष्ट उलटी आहे. तो हुकूम सोडतो, पण एकही हुकूम सरळ पार पडत नाही. तो हेर नेमतो आणि हेरच त्याला गोंधळात टाकतो. तो पुरावा गोळा करतो आणि तो पुरावा त्याच्याच अंगावर उलटतो. नाटककार त्याच्या बाजूला उभा नाही. तो सपशेल चुकतो, सगळ्यांदेखत चुकतो, आणि म्हणूनच सव्वाशे वर्षांनंतरही त्याच्यावर मोकळेपणाने हसता येते.

देवलांनी हे नाटक आधी गद्यात लिहिले, १८९३ च्या सुमारास, आणि त्याचे नाव 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' असे ठेवले. मूळ कल्पना फ्रान्समधल्या मोलिएरची, १६६० सालची. तिच्यावरून इंग्रजीत आर्थर मर्फीने १७६१ मध्ये 'ऑल इन द राँग' लिहिले आणि देवलांनी तिला इतके मराठी रूप दिले की कुठे शिवण दिसत नाही. पुरुषांना महिन्यांची नावे आणि बायकांना नक्षत्रांची: फाल्गुनराव, आश्विनशेठ, वैशाखशेठ, नोकर भादव्या, फाल्गुनरावाची बायको कृत्तिका, रेवती, रोहिणी, मघा. घरात भिंतीवर टांगलेल्या दिनदर्शिकेतली नावे असल्याने प्रेक्षकांना पात्रे चटकन लक्षात राहतात, हा मंडळाचा मोठा फायदा. पुढे पदे घालून त्याचे 'संगीत संशयकल्लोळ' झाले. ते गंधर्व नाटक मंडळीने १९१६ मध्ये, देवलांच्या निधनानंतर काही महिन्यांतच, रंगमंचावर आणले. बालगंधर्व रेवती आणि गणपतराव बोडस फाल्गुनराव. बोडस हे गद्य नट म्हणून नावाजलेले होते, हे मुद्दाम सांगतो. फाल्गुनराव करायला गळा लागत नाही. कान लागतो.

त्याचे बळ

फाल्गुनरावाचे पहिले बळ त्याच्या कष्टात आहे. संशयी माणूस आळशी नसतो. तो सतत कामात असतो: कोण आले, कोण गेले, खिडकी का उघडी, बायको आज एवढी का हसली. नाटकाची गती त्याच्या या धडपडीतून येते. आश्विनशेठ आणि रेवतीची प्रेमकथा गोड आहे, पण तिच्यात हालचाल कमी. फाल्गुनराव मंचावर आला की गाडा पळू लागतो. तेव्हा नटाने त्याला खुर्चीत बसवून ठेवू नये. त्याला काहीतरी शोधत ठेवावे, मोजत ठेवावे, दाराची कडी तपासत ठेवावे. हातांना काम असले की गावच्या नवख्या नटाचाही अवघडलेपणा जातो.

दुसरे बळ त्याच्या तर्कात आहे. फाल्गुनराव मूर्ख नाही. हे वाक्य तालमीच्या जागी भिंतीवर लिहून ठेवा. त्याच्यासमोर जे घडते त्यावरून तो काढतो ते अनुमान कोर्टात मांडावे इतके जुळलेले असते. बायकोच्या हातात परक्या देखण्या तरुणाची तसबीर आहे आणि ती ती एकटक न्याहाळते आहे. आता सांगा, कुणाच्या मनात पाल चुकचुकणार नाही? प्रेक्षक हसतात, कारण ती तसबीर रेवतीजवळची असून तिला चक्कर आली तेव्हा ती खाली पडली, हे त्यांनी आधी पाहिलेले असते. त्यांना सगळे माहीत आहे, फाल्गुनरावाला अर्धेच. हसू या दोहोंच्या फरकातून येते. नटाने तोंड वेडेवाकडे करून, डोळे फिरवून 'मी विनोदी आहे' असे दाखवायला सुरुवात केली की हा फरक पुसला जातो आणि हसू आटते. त्याने प्रत्येक वाक्य मनापासून, खरेपणाने बोलावे. विनोदाची जबाबदारी देवलांनी उचललेली आहे.

तिसरे बळ थोडे झाकलेले आहे. फाल्गुनराव बायकोशिवाय राहू शकत नाही. तिच्याबद्दल बेपर्वा असता तर त्याने पाळत ठेवलीच नसती. त्याच्या मनात एक भीती घट्ट बसली आहे: ही मला सोडून जाईल, लोक मला हसतील. राग वर दिसतो, भीती तळाशी असते. ज्या नटाला ही भीती सापडली त्याचा फाल्गुनराव जमला. मोठ्या आवाजात ती भीती दिसत नाही. एखाद्या वाक्याच्या मधोमध थबकण्यात, दाराकडे टाकलेल्या नजरेत, उपरण्याचे टोक मुठीत धरण्यात ती दिसते.

त्याचे उणे

आता दुसरी बाजू. फाल्गुनराव सरळ प्रश्न विचारत नाही. 'ही तसबीर कुणाची, तुला कुठे मिळाली?' एवढे शांतपणे विचारून तिचे उत्तर खरे मानले असते तर नाटक पहिल्याच अंकात संपले असते. तो बायकोला आरोपी समजतो आणि नोकराला साक्षीदार. घरातल्या माणसाशी बोलण्याऐवजी घरातल्या माणसाविषयी माहिती काढत राहणे, हा त्याचा मुख्य दोष आहे आणि तो सगळ्या भूमिकेत भरून राहिला पाहिजे.

दुसरा दोष असा की जो न्याय तो कृत्तिकेला लावतो तो स्वतःला लावत नाही. रस्त्यात घेरी आलेल्या रेवतीला तो सावरतो. कृत्तिका ते खिडकीतून पाहते आणि तिच्याही मनात संशय शिरतो. डोळ्यांनी पाहिलेला पुरावा दोघांकडे सारखाच आहे. तरी आपण केले ते माणुसकीचे आणि तिने केले ते बदफैलीचे, याबद्दल त्याला तिळभर शंका नाही. नाटकाचा सगळा न्याय या जोडीत आहे. म्हणून घेरीचा प्रसंग उरकून टाकू नका. पुष्कळ मंडळे तो घाईत करतात आणि मग तसबिरीचा प्रसंग लंगडा पडतो. फाल्गुनराव रेवतीला जितक्या काळजीने सावरेल, तितका पुढचा त्याचा राग उघडा पडेल. रेवती ही नायकिणीची मुलगी आहे, हे खरे. पण तिला करणाऱ्या मुलीला दिग्दर्शकाने लाडिक मुरके घ्यायला लावू नयेत. देवलांनी तिला प्रामाणिक प्रेम करणारी मुलगी म्हणून लिहिले आहे.

तिसरे उणे भूमिकेच्या बांधणीतले आहे आणि ते नटाला छळते. फाल्गुनराव पुन्हा पुन्हा तेच करतो: संशय, तपास, संताप, पुन्हा संशय. पहिल्याच संतापात सगळा आवाज लावला तर पुढे चढायला जागा उरत नाही. तालीम सुरू करण्यापूर्वी संहितेत त्याचे सगळे संतापाचे प्रसंग पेन्सिलीने खुणा करून घ्या आणि त्यांतला एकच, फक्त एकच, सर्वांत मोठा ठरवा. बाकीचे त्याच्या खाली बसले पाहिजेत. माझ्या मते हा मोठा प्रसंग शेवटाच्या जवळचा असावा, आश्विनशेठशी गाठ पडते त्या भागातला. घरातल्या भांडणात तो आवाज खर्च करू नये.

घरातल्या भांडणासाठी एक सराव सांगतो, तो हमखास उपयोगी पडतो. पूर्ण प्रवेश कुजबुजत करा. फाल्गुनराव अब्रूला जपणारा माणूस आहे. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून तो दात आवळून बोलेल. आपल्या वाडीवस्तीत एका घरातले बोलणे दुसऱ्या घरात जाते हे नटांना अनुभवाने ठाऊक असते, त्यामुळे त्यांना हा सराव समजावून सांगावा लागत नाही. दोनतीन तालमी अशा केल्या की मग आवाज मोकळा सोडला तरी त्याच्यातला आवळलेपणा कायम राहतो, आणि तोच हवा.

तसबिरीचा प्रवेश जवळून

हा एक प्रवेश बारकाईने बघू. कृत्तिका पुढे, प्रेक्षकांच्या जवळ उभी आहे. हातात तसबीर. ती न्याहाळते आहे. तिच्या नजरेत प्रेम नको, कौतुक हवे, चांगल्या कारागिरीचे असावे तसे. फाल्गुनराव मागून येतो. येताना त्याच्या मनात संशय नसावा. तो काहीतरी साधे शोधत यावा: पानाचा डबा, चष्मा, काहीही. त्याची नजर तिच्या पाठीवर पडते, मग तिच्या झुकलेल्या मानेवर, मग हातातल्या वस्तूवर. या तीन टप्प्यांना प्रत्येकी पुरता वेळ द्या. तो बोलण्याच्या आधी प्रेक्षकांत खसखस सुरू झाली पाहिजे. ती झाली नाही तर समजा, नट घाई करतो आहे.

गावच्या मंचावर इथे एक अडचण येते ती माईकची. मंचाच्या पुढच्या कडेला तीन माईक टांगलेले असतात आणि नट बोलण्याआधी त्यांच्याकडे चालत जातो. मागे उभा असलेला फाल्गुनराव स्वगत बोलला तर ऐकू येत नाही. पुढे आला तर कृत्तिकेला तो दिसतो आणि प्रसंगच मोडतो. उपाय साधा आहे. साऊंडवाल्याला आधीच सांगून एक माईक मागच्या विंगेपाशी, पडद्याच्या आडोशाने बांबूला बांधून घ्या. फाल्गुनराव त्याच जागी थबकेल अशी खूण खडूने जमिनीवर करा. हे काम प्रयोगाच्या दिवशी संध्याकाळी करायचे नसते, रंगीत तालमीलाच करून बघायचे असते.

तसबीर शेवटच्या रांगेतून दिसली पाहिजे. तळहाताएवढी वस्तू मैदानात दिसत नाही. वीतभर उंचीची, चकचकीत कडांची चौकट घ्या. एक प्रश्न हल्लीची मुले हमखास विचारतात: तसबिरीऐवजी मोबाईलमधला फोटो दाखवला तर? नाही. नाटकाची गाठ ही की ती तसबीर एकच आहे. ती ज्याच्या हातात, संशय त्याच्यावर. ती हातोहात फिरते आणि संशय तिच्यामागे फिरतो. मोबाईलमधला फोटो एका क्षणात शंभर जणांकडे जातो. तो कुणाकडे आहे याला अर्थच उरत नाही. काळ जुनाच ठेवा. धोतर, कोट, पगडी किंवा रुमाल एवढ्यावर फाल्गुनराव उभा राहतो. ड्रेपरी भाड्याने आणायचीच असेल तर नटाला ती आदल्या दिवशी घालून चालू द्या. धोतराची सवय नसलेला नट सगळे लक्ष निऱ्यांवर ठेवतो आणि हुकमत तिथेच संपते.

भादव्या, आणि एक कळकळीची विनंती

फाल्गुनराव भादव्याला हेर म्हणून वापरतो, त्याची उलटतपासणी घेतो आणि त्याच्या उत्तरांत आणखी अडकतो. गावोगावी या प्रवेशात भादव्याच्या टपल्या-चापट्यांवर हशा मिळवण्याची पद्धत पडली आहे. ती मोडा. फाल्गुनरावाला भादव्याची गरज आहे. माहितीसाठी तो त्याला चुचकारेल, आमिष दाखवेल, पाठीवर हात ठेवेल. मालक नोकराची मनधरणी करतो आहे हे दृश्य चापटीपेक्षा कितीतरी जास्त हसवते, आणि हुकूमशहा किती परावलंबी आहे तेही दाखवते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. आपल्या दोन्ही तालुक्यांत कातकरी, ठाकूर, महादेव कोळी समाजाची मोठी वस्ती आहे. भादव्याला मूर्ख दाखवायचे म्हणून त्याच्या तोंडी वाडीवरची बोली घालण्याचा मोह मंडळांना होतो. त्या वाडीवरची माणसे समोर बसलेली असतात. त्यांची मुले आज शिकताहेत, नोकरीला जाताहेत. त्यांच्या भाषेला मूर्खपणाची खूण करू नका. आगरी किंवा कुणबी बोली आणायचीच असेल तर सगळे घरच त्या बोलीत बोलू द्या, मालकासकट. तसा प्रयोग करून बघण्यासारखा आहे. फाल्गुनराव पुस्तकी बोलणार आणि नोकर गावठी, ही वाटणी मात्र नको.

हात उगारायचा नाही

नट जोशात येतो, समोर बायको उभी आहे, आणि तालमीत कधीतरी त्याचा हात वर जातो. मागून दोस्तमंडळी शिट्टी मारतात. दिग्दर्शकाने तालीम तिथेच थांबवावी. फाल्गुनराव हात उगारत नाही, असा नियम पहिल्याच दिवशी करून टाकावा. याला नाटकाचे कारण आहे: हात उगारला की त्याचा तर्क संपतो, आणि तर्क संपला की फाल्गुनराव संपतो. आणि याला गावाचे कारण आहे: तो हात पाहून हसणाऱ्यांना हसण्याची परवानगी मिळते. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यात मारहाणीइतकाच शाब्दिक आणि मानसिक छळही येतो. बायकोच्या चारित्र्यावर सतत शिंतोडे उडवणे हे त्या छळात धरले जाते. मंडळातल्या मुलांना हे माहीत असले पाहिजे. त्याचे भाषण मंचावरून देण्याची गरज नाही. पण जो माणूस ते पात्र करतो त्याला आपण नक्की काय करतो आहोत याची जाण असली की त्याचा अभिनयही बदलतो.

रंगीत तालमीला गावातल्या बायकांना बोलवा: बचत गटाच्या, अंगणवाडीच्या, घरच्या. नंतर 'कसे वाटले' असे विचारून काही कळत नाही, सगळ्या 'छान' म्हणतात. त्या कुठे हसायच्या थांबतात तिकडे लक्ष ठेवा. सगळ्या एकदम गप्प झाल्या ती जागा संहितेत खूण करून ठेवा. तिथे नवरा हास्यास्पद राहिलेला नाही, भयंकर झाला आहे. ती जागा बदला.

तालीम, वेळ, परवानग्या

नाटकाची लांबी हा आजचा मोठा प्रश्न. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. काही सणांना सरकार बारापर्यंत सूट देते, पण तुमच्या उत्सवाचा दिवस त्यात असेलच असे नाही. पोलीस ठाण्यात आधी विचारून घ्या. सात-साडेसातला पडदा उघडायचा आणि दहाच्या आत संपवायचे असे धरून संहिता कापा. घेरी, तसबीर, भादव्याची तपासणी, फाल्गुनराव-आश्विनशेठ भेट आणि शेवटचा उलगडा, या जागांना कात्री लावू नका. पदे चारच ठेवा. त्यांची चिंता नको: गावातल्या भजनी मंडळात पेटी वाजवणारा आणि नाट्यपदांच्या चालीवर अभंग म्हणणारा कुणीतरी असतोच, त्याला आश्विनशेठ करा. गाणारा मिळालाच नाही तर पदे पूर्ण गाळून गद्य प्रयोग करा. देवलांनी आधी तसेच लिहिले होते.

देवलांच्या निधनाला शंभराहून अधिक वर्षे झाली, त्यामुळे त्यांच्या मूळ संहितेवर कुणाचा हक्क उरलेला नाही, मानधन द्यावे लागत नाही. मात्र हल्लीच्या एखाद्या निर्मात्याने नव्याने संपादित केलेली संहिता ध्वनिचित्रफीत बघून उतरवून घेऊ नका. ते संपादन त्यांचे आहे. सार्वजनिक प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. तुम्ही कापलेली संहिता स्वच्छ टंकलिखित करून वेळेत पाठवा.

तालमीची वेळ आपल्याकडे लोकल आणि एसटी ठरवतात. आसनगाव, वासिंद, खर्डीची पोरे कामावरून कसारा लोकलने परततात तेव्हा रात्र झालेली असते. मुरबाडकरांना कल्याणहून एसटीने यावे लागते आणि औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यांच्या पाळ्या आठवड्याला बदलतात. म्हणून सगळ्यांना रोज बोलावू नका. फाल्गुनराव, कृत्तिका आणि भादव्या या तिघांच्या तालमी वेगळ्या लावा, कारण खरे काम त्यांचे आहे. रविवारी सकाळी सगळा संच. मुलींच्या घरच्यांना तालीम संपण्याची वेळ आधी सांगा, ती पाळा आणि त्यांना घरापर्यंत सोडा. हे एकदा नीट केले की पुढच्या वर्षी मुली मिळत नाहीत ही तक्रार उरत नाही. जमल्यास सगळ्या संचाने कल्याणच्या अत्रे रंगमंदिरात किंवा ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये जाऊन एखादे जुने नाटक बघून यावे. नट कुठे थांबतात ते बघण्यासाठी.

राहिली पात्रांची निवड. फाल्गुनरावासाठी मंडळे गावातला सर्वांत धिप्पाड, मिशाळ, दणदणीत आवाजाचा गडी शोधतात. तसे करू नका. ज्याचे बोलणे गाव ऐकून घेते, जो हिशोब नीट ठेवतो, जो समोरच्याचे वाक्य पूर्ण ऐकतो असा माणूस घ्या. पतपेढीतला कारकून, शाळेतला शिक्षक, दूध संकलनाचे दप्तर सांभाळणारा, कोणीही चालेल. अशा माणसाच्या तोंडून निघालेला बिनबुडाचा संशय जास्त खरा वाटतो, म्हणून जास्त हसवतो.

आणि त्याच्या समोर कृत्तिका दुबळी चालणार नाही. देवलांनी तिला सोशिक बाई म्हणून लिहिलेले नाही. तीही संशय घेते, पाळत ठेवते, नवऱ्याला तोंडावर जाब विचारते. दोघांचे माप सारखे असेल तरच नवऱ्याच्या हुकमतीचे हसू होते. कृत्तिका कमी पडली तर त्याच संवादांतून एका बाईचा छळ दिसू लागतो, मग फाल्गुनराव कितीही चांगला असो. मंडळाच्या पहिल्या बैठकीत सगळे आधी 'फाल्गुनराव कोण' हे ठरवायला बसतात. यंदा आधी कृत्तिका ठरवा. ती मिळाली तरच हे नाटक हातात घ्या.